बॅगेवरचं नाव कुणाचं?

दुबईला निघालोय ही बातमी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात फुटली की घरी डबे यायला लागतात. आमच्याकडे लॅम रोडच्या ओळखीतून दोन आले, भगूरहून एक. ‘‘एवढं माझ्या भाचीला द्याल ना? शारजाला असते, ती येऊन घेऊन जाईल.’’ निघायच्या आदल्या रात्री मी तिन्ही डबे ओट्यावर उघडले. भगूरच्या बाईंना ते लागलं, त्यांनी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. त्यांच्या डब्यात खसखशीवर थापलेले अनारसे होते आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या अंगदुखीच्या गोळ्या, ट्रॅमाडोलच्या. बाईंच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. आपल्याकडे खसखस वाण्याकडे मिळते, या गोळ्या डॉक्टर लिहून देतात. पण संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि ट्रॅमाडोल किंवा कोडीनसारखं औषध परवानगीशिवाय नेलं तर अमली पदार्थांच्या कायद्याखाली पकडतात. डबा भाचीचा असला तरी बॅगेला लागणारी चिठ्ठी माझ्या नावाची होती. डबा परत गेला. बाई अजून नीट बोलत नाहीत, आणि मला त्याचं वाईट वाटतं. तरीही उद्या पुन्हा तेच करेन.

मुंबईच्या एका जोडप्याचं काय झालं ते आठवा. जुलै २०१९ मध्ये दोघं कतारमधल्या दोह्याला उतरली. सहल एका जवळच्या नातेवाईक बाईंनी भेट दिलेली, आणि सोबत कुणाला तरी द्यायचं म्हणून एक पाकीटही. विमानतळावर त्यात चार किलोच्या आसपास चरस निघाला. दोघांनाही दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. बायको गरोदर होती. मुलीचा जन्म तुरुंगात झाला. भारतात तपास होऊन ती दोघं फसवली गेल्याचं पुढे आलं, सुटका झाली आणि एप्रिल २०२१ मध्ये ती मायदेशी परतली. पाकीट देणारं माणूस घरचंच होतं, हे विसरू नका.

परक्या शहरात उतरताना आपण स्वतःला ‘आम्ही दोघं’ समजतो. तिथल्या खिडकीपलीकडच्या माणसाला मात्र दोन पारपत्रं दिसतात, दोन वेगळी माणसं. आमचं विमान पहाटे उतरलं. रांगेच्या टोकाला कर्मचाऱ्याने यांना एका काउंटरवर पाठवलं, मला चार काउंटर पलीकडे. व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट, हॉटेलचा कागद, सगळं यांच्या गळ्यातल्या पाउचमध्ये. माझ्या हातात फक्त पारपत्र. ‘‘राहणार कुठे?’’ मी म्हटलं, बर दुबई. ‘‘कुठलं हॉटेल?’’ मला सांगता येईना. मला बाजूला उभं केलं. हे मला शोधत उलटे यायला निघाले, तर त्यांना परत येऊ देईनात. कुणी वाईट वागलं नाही, पण त्या वेळात माझ्या घशाला कोरड पडली होती.

आपल्याकडे महत्त्वाचे कागद पुरुषाच्या पिशवीत ठेवायची पद्धत आहे. ती घरीच सोडा. दोघांच्याही पर्समध्ये स्वतःच्या पारपत्राची आणि व्हिसाची प्रत, परतीचं तिकीट, हॉटेलचं नाव-पत्ता-फोन इंग्रजीत छापलेला, थोडे दिरहम आणि चालू असलेलं कार्ड हवं. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या ज्याच्या त्याने स्वतःजवळ ठेवाव्यात, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या चालू असतील तर तिथल्या सरकारी यंत्रणेची परवानगी ऑनलाइन आधीच काढावी लागते. बॅगाही दोघांच्या नावे वेगवेगळ्या नोंदवा आणि एकमेकांचे कपडे थोडे थोडे दोन्हीत घाला. एक बॅग मागे राहिली तरी दोघांचं निभतं.

एक गोष्ट विशेषतः वडीलधाऱ्या बायकांसाठी. जुन्या पारपत्रावर कित्येकींचं नुसतं नाव असतं, आडनावाची जागा कोरी. नोव्हेंबर २०२२ पासून अमिराती अशा एकेरी नावावर पर्यटक व्हिसाने प्रवेश देत नाही. वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव पारपत्राच्या शेवटच्या पानावर असेल तर चालतं. तिकीट काढण्याआधी पारपत्र उघडून बघा.

‘पोचलो की व्हिडिओ कॉल करतो’ असं मुलांना सांगून निघू नका. तिथल्या नेटवर्कवर व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल लागत नाहीत, निरोप मात्र जातात. आमच्या ओळखीच्या एका घरात याच कारणाने अख्खी सकाळ रडारड झाली होती. रोमिंग नाशिकलाच सुरू करून घ्या, दोन्ही फोनवर.

विमानतळाच्या टर्मिनल १ आणि ३ ला मेट्रो आहे, २ ला नाही. रविवारी ती सकाळी आठला सुरू होते, म्हणून पहाटे उतरणाऱ्यांनी टॅक्सीचे पैसे धरूनच ठेवावेत. मेट्रोत बायका-मुलांचा डबा वेगळा असतो. पुरुष त्यात शिरला तर शंभर दिरहम दंड. गर्दीत एक चढला आणि दार लागलं तर काय करायचं, हे फलाटावर उभं राहण्याआधी ठरवा. आमचं ठरलेलं होतं: चढलेल्याने पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागच्याने पुढची गाडी धरायची.

हॉटेलची खोली सहसा दुपारी दोन-तीनशिवाय हाती येत नाही, पण सामान ठेवून घेतात. खोली मिळेपर्यंत आम्ही खाडीवर गेलो. एका दिरहमात अब्रा नावेने पलीकडे देऱ्याला जाता येतं. तिथल्या सोन्याच्या बाजारात मात्र पहिल्या दिवशी शिरू नका. रात्रभर जागलेल्या माणसाने भाव करू नये. आणि दोघांच्याही फोनमध्ये हे नंबर आधीच टाका: पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, आणि तिथल्या भारतीयांसाठी वकिलातीच्या मदत केंद्राचा ८०० ४६३४२.