सायकल कितपत सुरक्षित ?

मुलानें सायकल मागितली कीं घरांतील वडील मंडळी प्रथम अपघाताची गोष्ट काढतात. ही भीति खरी किती, हें आम्ही आंकड्यांसच विचारून पाहिलें. 2022 सालीं भारतांतील रस्त्यांवर 1,68,491 माणसें दगावलीं. त्यांत मोटारसायकल-स्कूटरवरचीं शेकडा सुमारें 45, सायकलस्वार शेकडा सुमारें 3.

एवढ्यावरून कोणी विद्यार्थी वडिलांशीं वाद घालूं लागेल, तर त्याचें गणित कच्चें आहे. सायकली एकंदर किती किलोमीटर धांवल्या, हा भाजक येथें नाहींच ! शिवाय भाजक बदलला कीं उत्तरहि बदलतें. विमान एका फेरींत हजार किलोमीटर जातें, म्हणून किलोमीटरमागें मोजल्यास तें अत्यंत सुरक्षित ठरतें. फेरीमागें मोजल्यास तो वरचढपणा बराच कमी होतो.

मग भय आहे तरी कोठें ? येथें पदार्थविज्ञान उपयोगी पडतें. वेग दुप्पट होतांच गतिज ऊर्जा चौपट होते. ताशीं 15 किलोमीटर जाणारी सायकल व 60 किलोमीटर जाणारी मोटार यांत केवळ वेगामुळेंच सोळापट अंतर पडतें. मोटारीचें वजन दहापटीहून अधिक, तें निराळेंच. तेव्हां भय सायकलींत थोडें, शेजारून धांवणाऱ्या वाहनांत फार, असें आम्हांस वाटतें.

हॉलंडांत 1971 सालीं रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. पुढें तेथील आईबाप स्वतःच रस्त्यावर उतरले, आणि मुलांसाठीं निर्धोक वाट मागूं लागले.