लाकडी बाणांचे रोगण आणि लक्ष्याची निवड

प्रश्न : सीडरच्या बाणांवर लाखेचे रोगण चढवले, परंतु फोमच्या लक्ष्यातून उपसताना ते पुढच्या बाजूस खरवडून निघते. उपाय काय?

उत्तर : कसूर आपल्या हातकामाची नसून घर्षणाची आहे. वेगाने शिरणाऱ्या दांड्याला फोमचे घट्ट थर आवळून धरतात, त्या क्षणी उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने फोम वितळून टोकामागच्या भागावर त्याचा चिवट लेप बसतो, आणि लाख तर उष्णतेने मुळातच मऊ पडणारी, त्यामुळे बाण उपसताना ती लेपासोबत निघून येते. म्हणून चिंध्यांनी भरलेले पोते, ज्यात बाण थांबतो पण जखडला जात नाही, तेच लाकडी बाणांना सर्वाधिक मानवते. मात्र चिंध्यांतील बटणे, हुक आणि चेन आधी काढून टाकाव्यात, ही ताकीद पुष्कळ जण मनावर घेत नाहीत! इंग्लंडातील धनुर्धरांची, पेंढ्याच्या वळ्या शिवून केलेली गोल चकतीही उत्तम. ती दमटपणापासून जपावी. फोमच वापरणे भाग असेल, तर टोक दांड्याहून किंचित रुंद घ्यावे, दांड्यावर मेण चोळावे आणि बाण लक्ष्यालगत धरून, किंचित पिळत, सरळ रेषेत ओढावा.