चार हजार डॉलर ५२९ च्या बाहेर ठेवा

अमेरिकेतले अनेक मराठी आईवडील मूल रांगायला लागायच्या आतच कॉलेजच्या करमुक्त बचतीचं ५२९ खातं उघडतात. अठरा वर्षं नेमाने पैसे टाकतात आणि कॉलेजचं पहिलं बिल आलं की सगळं त्यातूनच भरून मोकळे होतात. साठवले होते ते याचसाठी, मग आणखी कुठून भरायचे? प्रश्न रास्त आहे, पण या घाईत टॅक्स क्रेडिट हातचं जातं.

अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिटचा हिशोब असा: ट्यूशन, फी आणि पुस्तकांवरच्या पहिल्या २,००० डॉलरचे पूर्ण आणि पुढच्या २,००० चे पंचवीस टक्के. म्हणजे विद्यार्थ्यामागे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० डॉलर, पदवीची चार वर्षं. मात्र एकच खर्च क्रेडिटसाठी आणि ५२९ साठी, असा दोनदा दाखवता येत नाही.

म्हणून त्यातल्या त्यात फायद्याचं काय ते बघा. ५२९ मधून काढलेल्या ४,००० डॉलरपैकी निम्मी वाढ असेल आणि तुमचा कर २२ टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर वाचतात ४४० डॉलर. तेच ४,००० पगारातून भरले तर २,५००. कर्ज काढून भरलेली फीही क्रेडिटला चालते. समजा ट्यूशन १२,०००, पुस्तकं १,००० आणि राहणं-जेवण १०,०००. एकूण २३,००० पैकी १९,००० बिनधास्त ५२९ मधून काढा. राहण्या-जेवण्यावर क्रेडिट मिळत नाही, पण ५२९ ला तो खर्च चालतो. विद्यार्थी निदान हाफ-टाइम हवा आणि बाहेर भाड्याने राहत असेल तर कॉलेजने ठरवलेल्या मर्यादेतच, एवढं सांभाळा.

आता उत्पन्नाचं. जोडप्याचं एकत्र उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या वर गेलं की क्रेडिट कमी होत जातं, १,८०,००० ला संपतं. दोघंही आयटीत असलेल्या घरांनी या भानगडीत पडूच नये. त्यांनी सगळं ५२९ मधूनच भरावं.

आधीच जास्त रक्कम काढून बसलात? घाबरू नका. क्रेडिटमुळे जेवढा खर्च ५२९ मधून वजा झाला, तेवढ्यापुरता १० टक्के दंड माफ आहे. वाढीवरचा कर मात्र भरावा लागेल.

तारखांकडे जरा बारीक लक्ष द्या. खर्च आणि ५२९ मधून काढलेले पैसे एकाच कॅलेंडर वर्षात यायला हवेत. डिसेंबरात काढले आणि बिल जानेवारीत भरलं, की हिशोब जुळत नाही. पावत्या, कॉलेजचा १०९८-टी आणि ५२९ चा १०९९-क्यू एकाच फाइलमध्ये ठेवा.

पुण्या-नाशिकहून एमएससाठी निघालेल्यांना एक सांगतो. एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी साधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षं करासाठी नॉन-रेसिडेंट असतो. त्याला हे क्रेडिट नाही, शिवाय पदवीनंतरच्या शिक्षणाला ते तसंही लागू नाही. रूममेटला मिळालं म्हणून आपणही फॉर्म ८८६३ भरू नका.

ऑगस्टचं बिल हातात येण्याआधी एक संध्याकाळ काढा, मुलालाही सोबत बसवा आणि कुठला खर्च कुठून भरायचा ते कागदावर मांडा.