दिल्ली की जिनिव्हा? परराष्ट्रव्यवहाराच्या शिक्षणाचा एक प्रश्न

डॉक्टर, वकील अथवा इंजिनियर व्हावयाचे असल्यास कोणती वाट धरावी हे आपल्याकडील बहुतेक पालकांस ठाऊक असते. निदान ते सांगणारा कोणी ना कोणी आप्तेष्टांत सापडतोच. परंतु एखाद्या मुलाने अगर मुलीने "मला परराष्ट्रव्यवहारात काम करावयाचे आहे" असे म्हटले, की घरातील वडील मंडळी विचारात पडतात. हा अभ्यास कोठे करावा, त्यास खर्च किती, आणि तो पुरा झाल्यावर चाकरी कोण देणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शेजारीपाजारी मिळण्यासारखे नसते. मग जी दोन नावे कानांवर पडलेली असतात त्यांचीच तुलना सुरू होते. एक दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, व दुसरी जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय व विकासविषयक उच्च अभ्यासाची संस्था. पदवीधर विद्यार्थ्यास या दोन्ही ठिकाणी एम. ए. च्या दर्जाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. यांत अधिक नावाजलेले कोणते, असे पालक विचारतात. आमच्या मते आधी विचारावयाचा प्रश्न हा नव्हे. चाकरी कोणाची करावयाची, हे प्रथम ठरवावे. विद्यापीठाची निवड त्यामागून करावी. असे का म्हणतो, ते थोडे विस्ताराने सांगतो.

परराष्ट्रव्यवहार हा शब्द मोठा असला तरी त्यातील चरितार्थाच्या वाटा मुख्यत्वेकरून दोन. पहिली आपल्या सरकारच्या परराष्ट्रसेवेची. दिल्लीच्या कचेरीत व देशोदेशींच्या वकिलातींत राहून आपल्या देशाचे काम करावयाचे. दुसरी संयुक्त राष्ट्रे, जागतिक आरोग्य संघटना, आंतरराष्ट्रीय मजूर संघटना यांसारख्या अनेक राष्ट्रांनी मिळून चालविलेल्या संस्थांची. वृत्तपत्रे, संशोधनसंस्था व मोठ्या व्यापारी पेढ्या याही अशी माणसे घेतात. परंतु त्यांची संख्या थोडी व नियम ज्याचे त्याचे, म्हणून त्यांचा विचार येथे करीत नाही.

परराष्ट्रसेवेत जाण्याचा राजमार्ग म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. या परीक्षेस कोणत्याही मान्य विद्यापीठाची कोणत्याही विषयातील पदवी चालते. वय निदान २१ वर्षे पुरे असावे लागते. सर्वसाधारण वर्गातील उमेदवारास ३२ वर्षांपर्यंत सहा वेळा बसता येते, व मागास वर्गांस सवलती आहेत. मुख्य परीक्षेतील निबंध व सामान्य अध्ययनाच्या उत्तरपत्रिका मराठीतून लिहिण्याची मोकळीक आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. उमेदवार कोणत्या विद्यापीठातून आला याबद्दल आयोग एकही गुण देत नाही. श्रीमती निरुपमा राव या १९७३ च्या तुकडीत परराष्ट्रसेवेत आल्या व २००९ साली परराष्ट्र सचिव झाल्या, त्यांची एम. ए. ची पदवी इंग्रजी वाङ्मयातील, आणि तीही औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची. २०१८ साली त्याच पदावर आलेले श्री. विजय गोखले दिल्ली विद्यापीठातून इतिहास शिकले व सेवेत आल्यावर चिनी भाषेत पारंगत झाले. उलटपक्षी, २०१५ साली परराष्ट्र सचिव व २०१९ साली परराष्ट्रमंत्री झालेले डॉ. सुब्रह्मण्यम जयशंकर यांची डॉक्टरेट जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची आहे. तिघांच्या पदव्या तीन तऱ्हेच्या आणि पद एकच!

मग दिल्लीस जावयाचे कशासाठी? यासाठी, की परीक्षेत न टिकणाऱ्यांची संख्या टिकणाऱ्यांहून शेकडो पटींनी अधिक असते. परराष्ट्रसेवेत वर्षाला जागा असतात त्या काही डझन, आणि परीक्षेचे अर्ज येतात लाखांनी. केवळ परीक्षेच्या मागे लागून उमेदीची पाचसहा वर्षे घालविलेले तरुण आज गावोगाव आढळतात, आणि त्यांच्या आईबापांचे दुःख आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या पदवीने परीक्षेची तयारीही होते आणि अपयश आल्यास अध्यापन, संशोधन वा पत्रव्यवसाय यांचे दारही उघडे राहते, ती घेणे हा शहाणपणाचा विमा होय. दिल्लीचा अभ्यासक्रम तसा आहे. नागरी सेवा परीक्षेत 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा ऐच्छिक विषय असल्यामुळे तेथे वाचलेले फुकट जात नाही.

या शाखेचा इतिहासही मनोरंजक आहे. ती विद्यापीठाहून वडील आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या भारतीय जागतिक व्यवहार परिषदेने १९५५ साली दिल्लीच्या सप्रू हाऊसमध्ये आंतरराष्ट्रीय अभ्यासाची एक शाळा काढली. प्रा. अप्पादोराय हे तिचे पहिले संचालक. देश नुकताच स्वतंत्र झालेला, वकिलाती नव्याने उघडत होत्या, आणि आफ्रिका, पश्चिम आशिया, चीन यांविषयी ज्यास खरी माहिती आहे असा माणूस शोधूनही मिळत नव्हता; ती उणीव भरून काढावी हा हेतू. पुढे १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ निघाले व १९७० साली ही शाळा त्यात विलीन झाली. मूळ हेतूची खूण अद्याप दिसते. रशिया व मध्य आशिया, पश्चिम आशिया, पूर्व आशिया, आफ्रिका, युरोप अशा एकेका प्रदेशासाठी तेथे स्वतंत्र केंद्र आहे, आणि त्याच आवारात चिनी, रशियन, अरबी, फारसी, जपानी, फ्रेंच अशा भाषा शिकविणारी शाखा आहे. एखाद्या देशाचे राजकारण त्या देशाची भाषा जाणून शिकावयाचे, ही सोय हिंदुस्थानात फारच थोड्या ठिकाणी सापडेल. शिकवणीची फी नाममात्र आहे. वसतिगृहांस नद्यांची नावे दिलेली आहेत. त्यांत गोदावरी, कोयना व तापी यांची नावे वाचून आपल्याकडील विद्यार्थ्यास घरची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अडचणी नाहीत असे नव्हे. प्रवेश सर्व देशभर होणाऱ्या परीक्षेवर मिळतो, वसतिगृहात खोली मिळण्यास कधी कधी विलंब लागतो, आणि मराठी माध्यमातून गेलेल्यास पहिले सहा महिने इंग्रजी ग्रंथांचे ओझे जड जाते. त्याची तयारी येथूनच करून जावे.

आता जिनिव्हाकडे वळू. पहिल्या महायुद्धानंतर निघालेल्या राष्ट्रसंघाने १९२० साली आपले ठाणे या शहरी केले. संघ झाला, पण त्याचे काम जाणणारी माणसे कोठून आणावयाची? म्हणून विल्यम रापार व पॉल मांतू या दोघांनी १९२७ साली ही संस्था स्थापन केली. दोघेही राष्ट्रसंघाच्या कचेरीत काम केलेले. त्यांतील मांतू यांची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावी. १९१९ च्या पॅरिसच्या तहपरिषदेत विल्सन, क्लेमांसो, लॉईड जॉर्ज हे बडे मुत्सद्दी बंद दाराआड बसत, तेव्हा त्यांचे बोलणे एकमेकांस उलगडून सांगणारा दुभाषी म्हणून मांतू तेथे होते. ही संस्था उभारणाऱ्यांत एक दुभाषी होता!

आपल्या लोकांचा जिनिव्हाशी संबंधही आजचा नव्हे. कामगारपुढारी नारायण मल्हार जोशी हे मजूर संघटनेच्या १९१९ च्या पहिल्या परिषदेस, जी वॉशिंग्टन येथे भरली, हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. पुढील वर्षी ती संघटना जिनिव्हास आली व आजही तेथेच आहे. घानाचे कोफी अन्नान १९६१-६२ साली या अभ्याससंस्थेत शिकले, १९६२ साली त्याच शहरी जागतिक आरोग्य संघटनेत एका कनिष्ठ जागेवर लागले, आणि १९९७ साली संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस झाले. २०१३ पासून संस्थेचे वर्ग 'शांतिगृह' नावाच्या काचेच्या भव्य इमारतीत भरतात. संयुक्त राष्ट्रांची कचेरी तेथून पायी जाण्याइतकी जवळ. जे ग्रंथात वाचावयाचे ते रस्त्याच्या पलीकडे घडताना पाहावयास मिळते, हा लाभ दिल्लीत मिळणार नाही.

तथापि कचेरीच्या शेजारी शिकणे आणि कचेरीत शिरणे यांत अंतर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या प्रारंभीच्या बहुतेक जागांस वरच्या पदवीखेरीज दोनेक वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. ३२ वर्षांच्या आतील तरुणांसाठी एक वेगळी प्रवेशपरीक्षा आहे. तीस साधी पदवी पुरते, परंतु ती ज्या देशांची माणसे नोकरवर्गात कमी आहेत अशांच्याच नागरिकांस खुली असते, व त्या देशांची यादी दरवर्षी बदलते. सचिवालयातील उमेदवारीचे काम बिनपगारी असते. २०१५ साली असा एक तरुण उमेदवार भाडे परवडत नाही म्हणून सरोवराकाठी तंबू ठोकून राहत असल्याची बातमी जगभर गाजली होती. त्यातच २०२५ साली मोठ्या राष्ट्रांची वर्गणी आटल्यामुळे जिनिव्हातील अनेक संस्थांनी नोकरवर्ग कमी केला. अभ्यास संपल्यावर युरोपाबाहेरील विद्यार्थ्यास स्वित्झर्लंडात काम शोधण्यास सहा महिने मिळतात. तेवढ्यात काही न जमल्यास गाशा गुंडाळून परत यावे लागते.

आणि कर्ज तर त्याच्याबरोबर परत येते. जिनिव्हा हे पृथ्वीवरील अत्यंत महाग शहरांपैकी एक. दोन वर्षांचे राहणे, जेवण व शिकवणी मिळून पन्नास लाख रुपयांच्या आत क्वचितच भागेल. त्यांतील चाळीस लाख पेढीकडून साडेदहा टक्के व्याजाने घेतले व दहा वर्षांत फेडावयाचे ठरविले, तर दरमहा सुमारे ५४,००० रुपयांचा हप्ता येतो. शिक्षण चालू असतानाचे व्याज त्यावर वेगळे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः मांडून पाहावे आणि मग वडिलांपुढे ठेवावे. शेत अगर घर गहाण पडावयाचे असेल, तर ते कशासाठी हे त्या घरातील प्रत्येकास कळले पाहिजे. नुसते 'परदेशी शिकून आला' हे ऐकण्याच्या हौसेसाठी गहाणखतावर सही करणारे पालकही आहेत, आणि त्यांस कोणी आवरीत नाही.

तेव्हा आमचे मत असे. ज्यास परराष्ट्रसेवेत जावयाचे आहे त्याने दिल्ली निवडावी. जिनिव्हाच्या दोन वर्षांनी त्याच्या परीक्षेतील गुण वाढावयाचे नाहीत, वय मात्र वाढेल. ज्याचे मन आरोग्य, निर्वासित, मजूर यांच्या जागतिक कामात आहे, त्यास जिनिव्हाचा उपयोग खरा आहे. पण तीन गोष्टी हाती असाव्या: संस्थेची वा अन्य शिष्यवृत्ती, कामचलाऊ नव्हे अशी फ्रेंच, आणि होईल तर एखाद्या सेवाभावी संस्थेतील दोन वर्षांचा अनुभव. शिष्यवृत्ती न मिळाल्यास जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्याचा निश्चयच झालेला नाही त्यानेही दिल्लीस जावे; तेथे दोन वर्षांनी मन बदलले तर नुकसान थोडे.

भाषेची गोष्ट मात्र शाळेतच सुरू करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत भाषा सहा: इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, रशियन, चिनी व अरबी. पैकी सचिवालयाचे रोजचे काम पहिल्या दोहोंत चालते. परराष्ट्रसेवेत निवड झाल्यावर सरकार एक परकी भाषा स्वतःच शिकविते, म्हणून तेथे आधीची फ्रेंच सक्तीची नाही. जिनिव्हास निघालेल्याचे मात्र तिच्यावाचून पदोपदी अडते. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, जर्मन व रशियन यांचे वर्ग चालतात. बारावीनंतर थेट दिल्लीच्या भाषाशाखेत बी. ए. साठी जाऊन पुढे आंतरराष्ट्रीय शाखेत एम. ए. करण्याची वाटही मोकळी आहे, आणि चिनी अगर अरबी चांगली येणाऱ्यास निवड न झाली तरी भाषांतराच्या कामावर पोट भरता येते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी फार थोडे या वाटेकडे पाहतात, याचे आम्हांस नवल वाटते.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. दिल्लीच्या प्रवेशपरीक्षेचे अर्ज व जिनिव्हाचे अर्ज हे दोन्ही साधारणतः हिवाळ्यात, नाताळाच्या मागेपुढेच भरावयाचे असतात. जिनिव्हाच्या अर्जास प्राध्यापकांची शिफारसपत्रे लागतात, व ती मागण्यास सुट्टी लागल्यावर गेल्यास प्राध्यापक गावी गेलेले असतात. पदवीच्या शेवटच्या वर्षी दिवाळीपूर्वीच ती मागून ठेवावी.