घेणारा आहे का?

छोट्या कंपनीचा स्वस्तातला शेअर हेरायला अभ्यास लागतो, पण ते जमतं. तो हवा तेव्हा विकता येईल की नाही, हे मात्र कुठल्याच ताळेबंदात लिहिलेलं नसतं.

काशीगावात माझा गाळा आहे, लेथवरचं जॉबवर्क करतो. त्यामुळे छोट्या कारखान्याचे आकडे मला बऱ्यापैकी बोलके वाटतात. नफा वहीत आणि पैसे गिऱ्हाइकाकडे, हे आमचं रोजचंच दुखणं. म्हणून पी/ई बघायच्या आधी मी येणी बघतो. विक्रीपेक्षा येणी जोरात वाढत असतील तर ती कंपनी सोडून द्यायची. धंद्यातून हाती येणारी रोकड चार-पाच वर्षं तरी नफ्याच्या आसपास हवी. प्रवर्तकांचे शेअर गहाण असतील तर तो आकडा दर तिमाहीला बीएसईच्या संकेतस्थळावर कळतो, तोही फुकट. तरी लोक टिपा विचारत फिरतात!

अशी पारखून घेतलेली एक इंजिनीअरिंग कंपनी मार्च २०२० मध्ये माझ्याकडे होती. टाळेबंदी लागली, गाळा बंद, पगार तोंडावर. शेअर विकायला काढले तर मोबाइलवर विकणाऱ्यांच्या रकान्यात हजारो शेअर आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जेवढा पडू दिला जातो तेवढा पडलेला! दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधीच ऑर्डर टाकली, तरी माझ्यापुढे रांग होतीच. भाव आणखी पाच टक्के खाली, घेणारा पुन्हा कोणी नाही. कंपनीत खोट नव्हती. तिच्या शेअरचे गिऱ्हाईकच एरवीही रोज मूठभर, आणि आता तेही घाबरलेले. पगार शेवटी बायकोच्या नावची मुदतठेव मोडून दिले.

छोट्या कंपन्यांच्या शेअरचा विषय निघाला की कोणीतरी अमळनेर काढतोच. जळगाव जिल्ह्यातल्या या गावात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, गावकऱ्यांनी शेअर घेतले, तीच पुढे विप्रो झाली आणि शेअर सांभाळणारी घरं करोडपती झाली. गोष्ट खरी आहे. पण १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी कारभार हाती घेतला तेव्हाही ती तेल-तुपाचीच कंपनी होती. मधल्या वर्षांत कोणाला लग्नासाठी, कोणाला आजारपणासाठी शेअर विकावे लागले असतील, त्यांची नावं कोणी घेत नाही. त्याच काळात निघून बुडालेल्या कारखान्यांची तर नाहीच नाही.

आता मी घेण्याआधी महिनाभर रोजची उलाढाल बघतो, त्यातही डिलिव्हरी किती होते ते. माझे सगळे शेअर भाव न पाडता आठ-दहा दिवसांत निघतील, तेवढेच घेतो. ट्रेड-टू-ट्रेडमध्ये, म्हणजे घेतलेला शेअर त्याच दिवशी विकता येत नाही अशा गटात, टाकलेल्या शेअरच्या वाटेला जात नाही. एसएमई मंचावर तर व्यवहार लॉटमध्येच होतो, थोडे विकून वेळ मारून नेणं तिथे जमत नाही. आणि गाळ्याचा सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा ठेवतो, बाजार कितीही स्वस्त दिसो.

कर्ज काढून किंवा मुलांच्या फीच्या पैशातून छोट्या कंपन्या घेऊ नका. जानेवारी २००८ मधली पातळी परत गाठायला बीएसईच्या स्मॉलकॅप निर्देशांकाला २०१७ साल उजाडलं होतं.