शिसे ओतण्यापूर्वी

खडकावरून गरवणाऱ्याचे शिसे समुद्रात जाणारच. गरी कपारीत अडकते, ओढाताणीत तंगूस तुटतो आणि वजन खालीच राहते. बाजारातले वजन दर वेळी विकत घेणे परवडत नाही, म्हणून आमच्या कोकणात बरेच हौशी लोक घरीच शिसे ओततात. मीही ओततो. खाडीच्या तोंडाशी ओढ जास्त असते, तिथे वाळूत रुतून बसणारे टोकदार वजन लागते. शांत पाण्यात लांबट, हलके चालते. आपल्या जागेला साजेसे वजन आपल्या हाताने करण्यात मोठे समाधान आहे आणि ते कोणी सोडावे असे मी म्हणणार नाही. मात्र हे काम स्वयंपाकघरातल्या कामासारखे समजून केले जाते, त्याची मला काळजी वाटते.

माझ्या एका मित्राच्या पडवीत जे झाले ते मी दारातून पाहिले. श्रावणातली दुपार होती. पातेल्यात शिसे वितळून चकाकत होते. पिशवीत जुन्या जाळ्याच्या थोड्या गोळ्या उरल्या होत्या. त्यातली एक त्याने वरून टाकली आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. शिशाचे थेंब कौलांपर्यंत उडाले. त्याच्या हातावर आणि मानेवर चिकटले. डोळ्यांवर चष्मा होता; एक थेंब काचेवर थिजून बसला होता. तो चष्मा नसता तर काय, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

गोळी हाताला कोरडी लागत होती. पण जाळ्यावरची गोळी वर्षानुवर्षे समुद्रात राहिलेली असते. तिच्यावर पांढरट थर चढतो, आतून दोरीचे भोक असते, आणि त्या फटींत पाणी मुरून राहते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, पाणी १०० अंशांनाच उकळते. वितळलेल्या शिशाखाली सापडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा मागते. वर शिसे असल्याने ती शिशालाच भिरकावून बाहेर पडते. एक थेंब पुरतो.

त्यात आपली वेळही चुकीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंदरात असतात, खडक निसरडे असतात, म्हणून नारळी पौर्णिमेनंतरची तयारी आपण पावसाळ्यात घरी बसून करतो. नेमक्या त्याच दिवसांत प्रत्येक वस्तू ओल धरते. वाळूचा साचा, लाकडाचा साचा, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा यांवर त्या हवेत भरवसा ठेवू नका. धातूचा साचा घ्या आणि ओतण्याआधी तोही चांगला तापवा. सगळा माल थंड भांड्यातच भरा आणि मग आच लावा, म्हणजे ओल असली तरी शिसे वितळण्याआधी उडून जाईल. वितळलेल्या शिशात नंतर काही टाकायचे नाही. पळीही तापवूनच बुडवायची. भांडे जाड लोखंडाचे हवे. अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पातेले त्या उष्णतेत कमजोर होते आणि भरलेले शिसे उचलताना दगा देते. जवळ पाण्याची बादली नको. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट, चामड्याचे हातमोजे आणि डोळे चहूबाजूंनी झाकणारा चष्मा हवा.

भाजलेच तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. चिकटलेले शिसे ओढून काढू नका, हळद किंवा टूथपेस्ट लावू नका. डोळ्यात काही गेले असेल तर धुवा आणि थेट दवाखाना गाठा.

गाडीची जुनी बॅटरी फोडून शिसे काढणारेही पाहिले आहेत. ते अजिबात करू नका. त्यात आम्ल असते आणि शिशात मिसळलेल्या इतर धातूंपासून विषारी वायू निघू शकतो.

स्फोट दिसतो तरी. त्याहून मला भीती वाटते ती वितळलेल्या शिशावर जमणाऱ्या राखेची. ती खरवडताना बारीक धूळ उडते, कपड्यांवर बसते आणि घरात जाते. तिला वास नाही, चवीवरूनही ती कळत नाही. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. शिशाने मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते, आणि रक्तात त्याचे सुरक्षित म्हणावे असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हाडांत साठलेले शिसे तिथे अनेक वर्षे राहते. म्हणून काम घराबाहेर, उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन करा. नाकावर बांधलेला रुमाल ही धूळ पुरती अडवत नाही. जागा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कपडे वेगळे धुवा, हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका. बारीक शिसे तंगुसावर दातांनी दाबायची सवय तर आजच सोडा. नियमित ओतत असाल तर डॉक्टरांना सांगून रक्तातले शिसे तपासून घ्या.

आणि खडकावर शिसेच हवे असे कुठे आहे? ब्रिटनमध्ये गळावरच्या लहान शिशांवर १९८७ पासून निर्बंध आले, कारण पाण्यातले हंस ते खडे समजून गिळत आणि मरत. आपल्याकडे गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग, लोखंडी नट, सळईचे तुकडे सहज मिळतात. लोखंड शिशापेक्षा हलके, तेवढ्याच वजनाला सुमारे दीडपट जागा घेते, म्हणून ओढीत थोडे जास्त वाहते. कपारीत जाणाऱ्या वजनाला ते चालते. वजन मुख्य तंगुसापेक्षा बारीक तंगुसाने बांधा; अडकले तर वजन तेवढे तुटेल, गरी आणि मासा हाती राहील.

घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर शिसे वितळवूच नका. तेवढ्यापुरते विकत घ्या, नाहीतर लोखंड वापरा.