मत, विमा आणि ग्रामपंचायत

सुट्टीत मी इंदूरला मामांकडे जातो. त्यांचे घर भंवरकुआंला. विद्यापीठ जवळ असल्याने या भागात शिकवणी वर्ग पुष्कळ आणि खोली घेऊन राहणारी खेड्यांतली मुलेही पुष्कळ. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ साली मध्य प्रदेशाने सर्वांआधी पंचायत निवडणुका घेतल्या, हे या मुलांना तोंडपाठ असते. (परीक्षेत येते ना!) पण २०२० मध्ये मुदत संपलेल्या पंचायतींच्या निवडणुका २०२२ च्या जून-जुलैपर्यंत लांबल्या, हे ती अधिक पोटतिडकीने सांगतात. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले, "मते गरिबांची जास्त, मग निवडून जमीनदारच कसा येतो?"

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील खेड्यांच्या एका पाहणीत मिळते. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रान्स्वा आणि अशोक कोटवाल यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. जेथे बहुतेक जमीन मराठा जमीनदारांकडे होती, तेथे गरिबांसाठीच्या सरकारी योजना कमी राबवल्या गेल्या आणि मजुरीही कमी होती. निवडणुका मात्र खुल्या होत्या. धाकदपटशा नव्हता.

रोजगार हमीचेच पाहा. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या या योजनेला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. रस्त्याच्या वा बांधाच्या कामावर मजुरी मिळू लागली की शेतावर पडेल त्या दराने राबायला कोण जाईल? म्हणजे सरपंच जमीनदारांचा असेल, तर योजना सुस्त राहण्यातच त्यांचा फायदा.

आणि मजूर त्याला मत देतो, कारण घरात आजारपण आले, पीक बुडाले, तर उसने पैसे त्याच वाड्यावर मिळतात. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार चटकन उमगावा : मत हा विम्याचा हप्ता आहे. मजुराला अडाणी म्हणून मोकळे होणाऱ्यांचे मला म्हणूनच पटत नाही. त्याचा हिशेब चोख आहे. दुसरी विमा कंपनी गावात नाही, एवढेच.

राखीव जागांनी थोडा फरक पडतो. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांना बंगाल-राजस्थानात, सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्याची कामे अधिक झालेली आढळली (२००४). कर्नाटकात तर १९८७ च्या निवडणुकांतच स्त्रियांना २५ टक्के जागा होत्या. त्या कायद्यामागचे नझीर साब 'नीर साब' म्हणून ओळखले जात, हे आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना ठाऊकच आहे. पण नळ आला तरी आजारपणातले कर्ज वाड्यावरूनच येत असेल, तर पुढच्या वेळी मतही तिकडेच जाईल. म्हणून गावची पतसंस्था अडल्या मजुराला आठवडाभरात कर्ज देते का, हेही निवडणुकीच्या निकालाइतकेच तपासायला हवे.